संगणकाची आवक-जावक : 'सी' भाषेतील स्टँडर्ड इनपुट

यंदाच्या स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काही तरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतील कारकून. अशा माणसाने संगणकाच्या भाषेवर लिहावे याचे काही सभासदांस नवल वाटेल. परंतु जो विषय निवडला आहे तो अगदीच आमच्या कामाबाहेरचा नाही. बाहेरून आलेला कागद हाती घेणे, तो पुरा आहे की अर्धवट ते पाहणे, रकमेच्या जागी रक्कमच लिहिली आहे ना याची खात्री करणे आणि मगच त्याची नोंद करणे, हे कारकुनाचे रोजचे काम होय. संगणकाच्या आज्ञावलीलाही हेच करावे लागते. 'सी' भाषेत या आवक खिडकीस स्टँडर्ड इनपुट म्हणतात. मराठीत त्याला प्रमाण आदान म्हणता येईल.

विषय लहान दिसतो. पुस्तकांत त्यास दोन पाने मिळतात आणि शिक्षक तो एका तासात संपवितात. परंतु आमच्या अभ्यासिकेतील मुले नोकरीच्या ऑनलाइन चाचण्यांना बसू लागल्यापासून आम्ही पाहत आहोत की, हुशार मुले या दोन पानांतच अडकतात. गणित बरोबर, रीत बरोबर आणि गुण मात्र शून्य. घरात पहिल्यांदाच संगणक शिकणाऱ्या मुलाला असा शून्य मिळाला की तो समजतो, हे आपले काम नव्हे. वास्तविक त्याची चूक गणितात नसते. आवक खिडकीवर कागद कसा येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रथम ही खिडकी आली कोठून ते पाहू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी युनिक्स ही संगणक प्रणाली तयार करण्यास आरंभ केला. पुढे १९७२ च्या सुमारास रिची यांनी 'सी' भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच या भाषेत पुन्हा लिहिला गेला. त्यापूर्वीच्या मोठ्या संगणकांवर माहिती पत्त्यांवरून येणार की फितीवरून येणार, कोणत्या यंत्रातून येणार, हे सारे काम सुरू करण्याआधी तपशीलवार लिहून द्यावे लागे. युनिक्सने ही कटकट मिटविली. प्रत्येक आज्ञावली सुरू होताच तिला तीन वाटा आयत्या उघडून मिळतात व त्यांना क्रमांक असतात. शून्य क्रमांकाची वाट म्हणजे आवक, एक क्रमांकाची जावक आणि दोन क्रमांकाची वाट हरकती व शेरे नोंदविण्यासाठी.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, आवक खिडकीच्या पलीकडे कोण उभे आहे हे आज्ञावलीस ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. कळफलकावर बोटे चालविणारा मनुष्य असेल, तबकडीवरची एखादी फाइल असेल, किंवा दुसरीच आज्ञावली आपली जावक हिच्या आवकेत ओतत असेल. सभासदांच्या वर्गणीची बेरीज करणारी आज्ञावली आपण लिहिली आहे असे समजा. ती चालविताना नावापुढे डावीकडे टोक असलेला कोनदार कंस आणि फाइलचे नाव लिहिले की तीच आज्ञावली कळफलकाऐवजी फाइल वाचू लागते. आज्ञावलीतील एक अक्षरही बदलावे लागत नाही. एका आज्ञावलीची जावक दुसरीच्या आवकेस जोडण्यासाठी उभी रेघ वापरतात व त्या जोडणीस पाइप म्हणतात. बागेला पाणी देण्याची रबरी नळी जशी एकीला दुसरी जोडता येते, तशा आज्ञावल्या जोडता याव्यात, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच मांडली होती. ती युनिक्समध्ये १९७३ साली प्रत्यक्षात आली. आजच्या लिनक्सवरही ही सोय तशीच आहे.

आता कळफलकाचे पाहू, कारण विद्यार्थी सुरुवात तेथूनच करतो. कळ दाबली की अक्षर लगेच आज्ञावलीच्या हाती पडते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. युनिक्स परिवारात टर्मिनल हे नेहमीच्या रीतीत संपूर्ण ओळ स्वतःकडे जमा करते. आपण चुकलो, मागे जाऊन अक्षर खोडले, पुन्हा लिहिले, यातले काहीही आज्ञावलीला कळत नाही. एंटरची कळ दाबल्यावरच ओळ पुढे सरकते. बँकेत ग्राहक बाकावर बसून भरणा स्लिप लिहितो, खाडाखोड करतो, दुसरी स्लिप घेतो. काउंटरवरच्या माणसाला दिसते ती शेवटी खिडकीतून आत आलेली स्लिप. तद्वतच हे आहे. म्हणूनच आज्ञावली सुरू करून एकच अक्षर दाबले आणि काही घडले नाही, तर यंत्र बिघडले असे समजू नये. ओळीच्या शेवटी दाबलेला एंटरसुद्धा एक अक्षर म्हणून आत येतो, हे मात्र विसरू नये. पुढे त्याचीच मोठी पीडा होते.

आवक संपली हे कसे कळावे? फाइल वाचताना शेवटचे अक्षर वाचून झाले की पुढील वाचनात हाती शून्य अक्षरे येतात, आणि हीच समाप्तीची खूण. फाइलच्या शेवटी कसलेही गुप्त चिन्ह लिहिलेले नसते. कळफलकावर बसलेल्या माणसाला समाप्ती दाखवायची तर लिनक्सवर नव्या ओळीच्या आरंभी कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबाव्या लागतात. विंडोजवर कंट्रोल आणि झेड दाबून नंतर एंटर दाबतात. लिनक्सवरील या दोन कळांचा खरा अर्थ 'जमा झालेले असेल तेवढे आता पुढे द्या' एवढाच आहे. जमा काहीच नसेल तर पुढे शून्य अक्षरे जातात आणि आज्ञावली समजते की आवक संपली. ओळीच्या मध्येच त्या दाबल्या तर पहिल्या वेळी अर्धी ओळ पुढे जाते, म्हणून समाप्तीसाठी त्या दुसऱ्यांदा दाबाव्या लागतात.

'सी' भाषेत एकेक अक्षर वाचण्यासाठी गेटचार नावाचे फलन आहे. ते अक्षर परत देते, असे नावावरून वाटते, परंतु ते परत देते पूर्णांक. असे का? एका बाइटमध्ये ० ते २५५ अशी २५६ मूल्ये मावतात आणि ती सगळीच आवकेत येऊ शकतात. मग 'संपले' हे सांगण्यासाठी या सर्वांपेक्षा वेगळे असे एक मूल्य हवे. म्हणून समाप्तीसाठी ऋण संख्या ठेवली आहे, बहुधा उणे एक. हे उत्तर पूर्णांकाच्या जागी न ठेवता अक्षराच्या लहान जागेत ठेवले तर दोनपैकी एक अनर्थ ओढवतो. काही यंत्रांवर २५५ मूल्याचा खराखुरा बाइट आला की आज्ञावली समजते आवक संपली आणि मध्येच थांबते. काही यंत्रांवर उणे एकचे २५५ होऊन जातात आणि आज्ञावली कधीच थांबत नाही. घरच्या संगणकावर चाललेली आज्ञावली दुसरीकडे बिघडते त्याचे हे एक कारण होय.

समाप्तीबाबत दुसरी चूक तर पुस्तकांतूनही आढळते. 'फाइल संपली नाही तोवर वाचत राहा' अशा अर्थाची अट एफइओएफ या फलनावर बांधून आवर्तन चालवितात. वाचताना ते बरोबर वाटते. पण हे फलन पुढचे पाहत नाही, झाल्या गोष्टीचे सांगते. वाचनाचा प्रयत्न करून तो फसल्यानंतरच ते 'संपले' म्हणते. रांगेत आणखी कोणी आहे का, हे काचेआडच्या कॅशियरला कळत नाही. पुढचा टोकन नंबर पुकारल्यावर कोणी आले नाही, म्हणजे रांग संपली. आता कोणी आले नाही हे न पाहताच कॅशियरने हातातली जुनीच स्लिप पुन्हा नोंदविली तर काय होईल? शेवटचा भरणा दोनदा जमा होईल. आज्ञावलीतही शेवटच्या सभासदाची वर्गणी दोनदा धरली जाते व ताळा जुळत नाही. उपाय सोपा आहे. वाचणाऱ्या फलनाने काय उत्तर दिले तेच आवर्तनाच्या अटीत तपासावे.

आता विद्यार्थ्यांच्या लाडक्या स्कॅनएफकडे वळू. टक्का चिन्हापुढे डी लिहिला की ते पूर्णांक वाचते, एवढे सर्वांना पाठ असते. ते कसे वाचते हे थोडेच सांगतात. आधी येणाऱ्या मोकळ्या जागा, टॅब, नव्या ओळी हे सर्व ते गिळून टाकते. मग चिन्ह व अंक वाचत जाते आणि अंक नसलेले पहिले अक्षर भेटले की थांबते. ते न चालणारे अक्षर ते फेकून देत नाही, खिडकीतच ठेवून जाते. पुढे जो कोणी वाचायला येईल त्याला प्रथम तेच भेटते.

हे आपल्याकडच्या रकमेवर लावून पाहा. ग्राहकाने सवयीप्रमाणे लाखाच्या रीतीने स्वल्पविराम देऊन १,२५,००० असे इंग्रजी अंकांत टाइप केले. स्कॅनएफ एक हा अंक वाचते, पुढे स्वल्पविराम दिसताच थांबते आणि 'एक संख्या यशस्वीपणे वाचली' असे प्रामाणिकपणे कळविते. सव्वा लाखाचा झाला एक रुपया, आणि हरकत कोणीच घेतली नाही. पुढच्या वेळी संख्या वाचावयास गेले तर समोर स्वल्पविराम उभा. आता ते शून्य परत देते आणि आपल्या चलात जुनीच संख्या तशीच राहते. शून्याकडे लक्ष न देता आवर्तन चालू ठेवले तर स्वल्पविराम हलत नाही आणि आज्ञावली त्याच जागी अनंत फेऱ्या मारीत बसते. रक्कम देवनागरी अंकांत टाइप केली तर पहिल्याच पावलाला नकार मिळतो, कारण हे फलन केवळ इंग्रजी अंक ओळखते.

तसेच त्या मागे राहिलेल्या एंटरचे. आधी पूर्णांक वाचला व नंतर टक्का-सी वापरून 'वाय' किंवा 'एन' असे एक अक्षर वाचावयाचे आहे. माणूस उत्तर देण्यापूर्वीच आज्ञावली पुढे निघून जाते! कारण टक्का-सी मोकळ्या जागा गिळत नाही. आधीच्या संख्येमागे राहिलेला एंटर तिने उत्तर म्हणून उचलला. टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडली की हे टळते. यावर एफफ्लश वापरून आवक रिकामी करण्याचा जो उपाय मुले एकमेकांना सांगतात तो मात्र करू नये. ते फलन जावकेसाठी आहे. आवकेवर वापरल्यास काय व्हावे हे भाषेच्या मानकात ठरविलेलेच नाही. काही कंपायलरांवर ते चालले म्हणून सगळीकडे चालेल असे नाही.

यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे शब्द वाचण्याचा. टक्का-एस लिहून वीस अक्षरांच्या जागेत शब्द वाचावयास सांगितला आणि पलीकडून दोनशे अक्षरे आली, तर स्कॅनएफ ती सगळी लिहीत सुटते. वीस घरे भरली की शेजारच्या घरांवर लिहिते, आणि तेथे दुसरी कसली तरी माहिती ठेवलेली असते. टक्का आणि एस यांच्या मध्ये १९ हा आकडा घालून मर्यादा सांगता येते. विसावे घर शब्दाच्या अंताच्या शून्य-खुणेसाठी राखावे लागते. ही मर्यादा बहुतेक जण घालत नाहीत. परंतु जुन्या गेट्स या फलनात तर मर्यादा सांगण्याची सोयच नव्हती. त्याला जागा कोठे सुरू होते एवढेच सांगायचे, ती किती मोठी आहे हे सांगायचेच नाही. ते ओळ संपेपर्यंत लिहीत जाणार.

याचा परिणाम जगाने २ नोव्हेंबर १९८८ रोजी पाहिला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती आपोआप पसरविणारी एक आज्ञावली इंटरनेटवर सोडली. तिच्या शिरण्याच्या वाटा अनेक होत्या. त्यांपैकी एक होती फिंगर नावाची सेवा, जी 'अमुक वापरकर्ता कोण' या प्रश्नाला उत्तर देई. ही सेवा आलेला प्रश्न गेट्स वापरून ५१२ बाइटांच्या जागेत वाचीत असे. वाचकांनी येथे थांबून पाहावे : ती वाचत होती स्टँडर्ड इनपुटच. फक्त खिडकीपलीकडे कळफलकावरचा माणूस नव्हता, दूरच्या संगणकाकडून येणारी तार तेथे जोडलेली होती. मॉरिसच्या आज्ञावलीने ५१२ ऐवजी ५३६ बाइट पाठविले. वरचे बाइट नेमके अशा जागी पडले की, हे काम संपल्यावर परत कोठे जायचे तो पत्ताच बदलला, आणि सेवेने तिची कामे सोडून पाहुण्याची आज्ञा पाळावयास सुरुवात केली. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० संगणक बाधित झाले. तेव्हा इंटरनेटवर एकूण साठेक हजारच संगणक होते. मॉरिस १९९० साली दोषी ठरला. त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. गेट्सला 'सी' भाषेच्या मानकातून कायमचे काढून टाकण्यास मात्र २०११ साल उजाडले. तेवीस वर्षे! सरकारी दप्तरातील निरुपयोगी रकानाही याहून लवकर जात असेल.

मग वापरायचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. नवशिक्याने आधी पूर्ण ओळ वाचावी, मग तिची फोड करावी. ओळ वाचण्यासाठी एफगेट्स आहे. त्याला जागा, जागेचा आकार आणि कोठून वाचायचे, अशा तीन गोष्टी द्याव्या लागतात. आकार वीस सांगितला तर ते जास्तीत जास्त १९ बाइट वाचते व शेवटी शून्य-खूण लावते. ओळीचा एंटर ते सोबत ठेवते, म्हणून तो आपण काढावयाचा. पण तो काढण्यापूर्वी आहे की नाही हे पाहावे, कारण तोच साक्षीदार आहे. एंटर सापडला तर ओळ पुरी आली. नाही सापडला तर एक तर ओळ जागेपेक्षा लांब आहे, किंवा फाइलची शेवटची ओळ एंटरशिवाय संपली आहे. विंडोजवर तयार केलेली फाइल लिनक्सवर वाचली तर एंटरच्या आधी आणखी एक अक्षर चिकटलेले असते. जुन्या टंकलेखन यंत्राची गाडी मागे सरकविण्याची ती आज्ञा, कॅरेज रिटर्न. टंकलेखन यंत्रे कचेऱ्यांतून गेली तरी त्यांची ही खूण उरली. तीही काढावी, नाही तर नावे दिसायला सारखी असूनही तुलनेत वेगळी ठरतात.

मराठी नावे वाचताना मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. 'सी' भाषा मोजते ते बाइट, अक्षरे नव्हेत. आज मराठी मजकूर बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ या पद्धतीने साठविला जातो. ही पद्धतही १९९२ साली त्याच केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत आखली. तीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि येथे चिन्ह म्हणजे व्यंजन, काना, वेलांटी, हलन्ताची खूण असे प्रत्येक वेगळे. 'सिद्धार्थ' हे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरे तीन दिसतात. संगणकाला दिसतात स, वेलांटी, द, हलन्त, ध, काना, र, हलन्त आणि थ अशी नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. वीस बाइटांची जागा देऊन एफगेट्सला हे नाव वाचावयास सांगितले तर १९ बाइटांत सहा चिन्हे पुरी येतात, एक बाइट 'र'चा येतो आणि नाव 'सिद्धा' व एक फुटके चिन्ह असे छापले जाते. उरलेले नऊ बाइट, एंटर धरून, खिडकीत पडून राहतात. पुढचा एफगेट्स ते उचलतो आणि दुसऱ्या सभासदाचे नाव म्हणून नोंदवितो. एका सभासदाचे दोन झाले. एका ओळीस एक नाव या रीतीने यादी मोजणाऱ्या आज्ञावलीत ही चूक सहज लपते, कारण इंग्रजीत टाइप केलेली बहुतेक नावे वीस बाइटांत मावतात आणि चाचणी नेहमी इंग्रजी नावांवर घेतली जाते. मराठी नावांसाठी जागा सढळ ठेवावी हे बरे. युनिक्स परिवारात गेटलाइन नावाचे फलन आहे, ते ओळीच्या लांबीप्रमाणे जागा स्वतःच वाढविते. त्याने घेतलेली जागा काम झाल्यावर आपण परत करावयाची असते, एवढे स्मरणात ठेवावे.

ओळ हाती आल्यावर संख्या काढण्यासाठी एटीओआय वापरू नये. 'शून्य' आकड्यात लिहिले असो की अक्षरांचा गोंधळ असो, ते दोन्हींना शून्यच म्हणते. एसटीआरटीओएल हे फलन वाचन कोठे थांबले तेही सांगते. थांबलेली जागा ओळीचा शेवट असेल तर ओळीत संख्याच होती. मध्येच थांबले असेल तर स्वल्पविरामाचे प्रकरण आहे असे समजून ओळ परत पाठवावी. त्याला पाया दहा आहे असे स्पष्ट सांगावे. पाया शून्य दिला तर शून्याने सुरू होणारी संख्या ते अष्टमान पद्धतीची समजते आणि ०१० चे आठ होतात.

यावरून आठवले. मोबाइल क्रमांक पूर्णांकाच्या चलात वाचावयास लावणारे उदाहरण आम्ही एका वहीत पाहिले. सध्याच्या बहुतेक यंत्रांवर साध्या पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या मावते ती २१४,७४,८३,६४७. आपले मोबाइल क्रमांक सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणारे दहा अंकी असतात, म्हणजे ते सगळेच याहून मोठे. मोठा चल घेता येईल, पण मुळात प्रश्नच चुकीचा आहे. ज्या अंकांची बेरीज कधी करावयाची नाही त्यांना संख्या समजू नये. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य हा क्रमांकाचा भाग असतो आणि संख्या म्हणून वाचताच ते नाहीसे होते. असे क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावेत. उलट रुपये-पैसे ही खरी संख्या, पण ती दशांश चिन्हाच्या चलात ठेवू नये, कारण दहा पैसे म्हणजे ०.१० ही रक्कम द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. सर्व रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी. बँकेत एका पैशाच्या फरकासाठी संध्याकाळ जाते, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

आता चाचणीतील त्या शून्याकडे येऊ. ऑनलाइन चाचणीत आपली आज्ञावली कोणी माणूस चालवीत नाही. परीक्षकाचे यंत्र आधी ठरविलेली फाइल आवकेत ओतते आणि जावकेत जे येईल ते अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत 'सी' भाषा वर्षानुवर्षे टर्बो सी या १९८७ साली निघालेल्या साधनावर शिकविली गेली. त्यामुळे मुलांना आरंभी पडदा पुसणे आणि शेवटी गेटसीएच लिहून कळ दाबण्याची वाट पाहणे याची सवय लागते. ही दोन्ही फलने भाषेच्या मानकात नाहीत. लिनक्सवर ती ज्या शीर्षफाइलीत असतात ती फाइलच सापडत नाही, म्हणून आज्ञावली मुळात तयारच होत नाही. शिवाय गेटसीएच स्टँडर्ड इनपुट वाचत नाही, थेट कळफलकाकडे जाते, आणि परीक्षकाच्या यंत्रापुढे कळ दाबणारा कोणी बसलेला नसतो.

दुसरी सवय सौजन्याची आहे, आणि ती मोडावयास मुलांना वाईट वाटते. संख्या वाचण्यापूर्वी 'कृपया दोन संख्या द्या' असे छापणे. वर्गात यासाठी शाबासकी मिळते. चाचणीत मात्र ही ओळ जावकेत जाऊन उत्तराचा भाग होते. अपेक्षित उत्तर 'सात', आपले उत्तर 'कृपया दोन संख्या द्या सात'. ताडणारे यंत्र चूक म्हणते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. चाचणीत असे काही छापू नये. इतरत्र छापणे आवश्यकच असेल तर ते दोन क्रमांकाच्या, हरकतीच्या वाटेने पाठवावे, म्हणजे जावक स्वच्छ राहते. प्रश्नात 'पहिल्या ओळीत संख्या किती ते दिले आहे' असे म्हटले असेल तर ती संख्या आधी वाचून तेवढ्याच फेऱ्या घ्याव्यात. असे काही म्हटले नसेल तर समाप्तीपर्यंत वाचावे.

'सी'च्या या खाचखळग्यांना कंटाळून अलीकडे रस्ट नावाची भाषा पुढे आली आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये निघाली आणि डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या गाभ्यातही तिला प्रवेश मिळाला. तीत ओळ वाचण्यासाठी रीड-लाइन आहे. ओळ ठेवण्याची जागा गरजेप्रमाणे आपोआप वाढते, तेव्हा शेजारच्या घरावर लिहिण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वाचन यशस्वी झाले की फसले हे उत्तर न पाहता टाकून दिले तर कंपायलर टोकतो. शून्य बाइट वाचले असे उत्तर आले म्हणजे आवक संपली. संख्या काढताना स्वल्पविराम असलेली रक्कम ती सबंध नाकारते, एक रुपया करून घेत नाही. मोबाइल क्रमांक लहान चलात घालू पाहिला तर तोही नाकारते. आवकेतील बाइट यूटीएफ-८ प्रमाणे नसतील तर तेही चूक म्हणून कळविते. तरी सावधगिरी येथेही हवीच. रीड-लाइन नवी ओळ जुन्या ओळीच्या शेपटीला जोडते, जुनी पुसत नाही. ती पुसण्याचे काम आपले. एंटरही ओळीसोबत येतो, तो ट्रिम करावा लागतो. आणि ओळीच्या शेवटी एंटर न देता छापलेली सूचना पडद्यावर लगेच दिसत नाही, ती फ्लश करून पुढे ढकलावी लागते.

विद्यार्थ्यांनी ही पाने वाचून ठेवून न देता एक काम करावे. वर्गणीची बेरीज करणारी आज्ञावली 'सी'त लिहावी आणि तिला एकेक करून या फाइली द्याव्यात : अगदी रिकामी फाइल, शेवटच्या ओळीस एंटर नसलेली फाइल, मध्ये एक कोरी ओळ असलेली फाइल, विंडोजवर तयार केलेली फाइल, स्वल्पविराम असलेली रक्कम, आणि मराठीतील लांब नावांची यादी. प्रत्येक वेळी बेरीज काय यावयास हवी ते आधी कागदावर लिहून ठेवावे आणि मग आज्ञावली चालवावी. अभ्यासिकेतील दोन्ही संगणकांवर लिनक्स आहे व कंपायलरही बसविलेला आहे. रविवारी सकाळी आम्ही तेथे असतो.